घरच्या गच्चीवर लेट्यूस: थंडी साधा, पाणी सांभाळा

बिर्याणीच्या ताटात कांदा, काकडी आणि लिंबाची फोड यांची जागा पक्की आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी एक कुरकुरीत हिरवं पान येऊन बसलंय. शोर्माच्या गाडीवर ते दिसतं, मुलांच्या डब्यातल्या सँडविचमध्ये दिसतं, दावतीत कबाबखाली अंथरलेलं दिसतं. कुणी त्याला लेट्यूस म्हणतं, कुणी सलाड पत्ता. भाजीवाला त्याला ‘इंग्लिश भाजी’च्या टोपलीत ठेवतो आणि भावही तसाच सांगतो.

पण आमचा प्रश्न भावाचा नव्हता. मेथी, पालक, शेपू आपण शिजवून खातो. लेट्यूस शिजवत नाही. शेतात त्याला जे पाणी मिळालं, जे खत मिळालं, जी फवारणी झाली, त्याचा अंश पानावर राहिला तर तो थेट आपल्या तोंडात जातो. लोणी काळभोरसारख्या गावात राहणाऱ्यांनी तर हा विचार करायलाच हवा. पुणे शहराच्या पूर्वेला, सोलापूर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला आपलं गाव. शहराने वापरून सोडलेलं पाणी नदीतून आपल्याच बाजूला येतं. म्हणून आम्ही ठरवलं, हे पान घरीच लावून बघू.

पहिल्या वर्षी सपशेल फसलो. दुसऱ्या वर्षी थोडं जमलं. आता थंडीचे तीन महिने घरात लेट्यूस विकत आणावं लागत नाही. काय चुकलं आणि काय जमलं, ते इथे सांगतो आहोत. जमीन नसली तरी चालेल. चार कुंड्या मावतील एवढी गच्ची किंवा सकाळचं ऊन येणारी गॅलरी पुरे.

हे पान मुळात कुठलं?

लेट्यूस हे झेंडू, शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव लॅक्टुका सटायवा. लॅटिनमध्ये ‘लॅक’ म्हणजे दूध. देठ मोडला की पांढरा चीक येतो, त्यावरून हे नाव पडलं. प्राचीन इजिप्तच्या भिंतीचित्रांतही लेट्यूस दिसतं, इतकं हे पीक जुनं आहे.

अरबीत याला ‘खस’ म्हणतात, फारसी-उर्दूत ‘काहू’. आपल्या घरातल्या बुजुर्गांनी ‘तुख्म-ए-काहू’ हे नाव नक्की ऐकलं असेल. युनानी औषधांत वापरलं जाणारं हे बी म्हणजे लेट्यूसचंच बी. झोप न येण्याच्या तक्रारीवर हकीम ते आणि त्याचं तेल, रोगन-ए-काहू, पूर्वीपासून देत आले आहेत. म्हणजे हॉटेलातून आलेलं वाटणारं हे पान आपल्या दवाखान्यात आधीपासून होतं, फक्त ताटात नव्हतं. इथे एक सावधगिरी सांगून ठेवतो. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. ते बी औषध म्हणून किंवा खाण्यासाठी कधीही वापरू नका. औषध हवं असेल तर हकीमांनाच विचारा.

आमची पहिली चूक: मार्चमध्ये पेरणी

बियांची पुडी हातात आली तो मार्चचा पहिला आठवडा होता. उत्साहात आम्ही लगेच पेरलं. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं ते महिन्याभरात उंच सुळक्यासारखं वाढलं, मधून दांडा आला आणि पानं इतकी कडू झाली की अम्मींनी एक घास घेऊन ताट बाजूला सारलं. “हे सलाड आहे की कडुनिंब?” एवढंच त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटलं बी खराब निघालं. बी चांगलं होतं, वेळ चुकली होती. लेट्यूस थंड हवेचं पीक आहे. साधारण १२ ते २२ अंश सेल्सिअसमध्ये ते खुशीत वाढतं. ऊन वाढलं आणि दिवस लांबला की झाडाला वाटतं, आता आपलं आयुष्य संपत आलं, बी धरायला हवं. मग ते पानं वाढवायचं सोडून दांडा वर काढतं. त्याच वेळी चिकातली कडू द्रव्यं वाढतात. एकदा दांडा आला की पाणी घाला, खत घाला, पान पुन्हा गोड होत नाही.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा साधारण ११-१२ अंशांपर्यंत उतरतो, दुपारी २९-३० पर्यंत जातो. एप्रिलमध्ये दुपार ३८ च्या आसपास. म्हणजे आपल्या हातात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ आहे. पेरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करायची. त्याआधी ऑक्टोबर हीट असते, त्यानंतर उन्हाळा गाठतो.

रमजानचा हिशोब

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस आणि २०२९ मध्ये जानेवारीच्या मध्याला. तारीख चंद्रदर्शनावर एखादा दिवस पुढेमागे होईल, पण मुद्दा लक्षात घ्या. येती काही वर्षं रमजान नेमका लेट्यूसच्या हंगामात आहे.

मग उलटी मोजणी करायची. सुट्या पानांचं लेट्यूस पेरणीपासून ४५ ते ६० दिवसांत तोडायला येतं. २०२७ च्या पहिल्या रोजाला घरचं पान हवं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरा. सगळं बी एकदम पेरू नका. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर महिनाभर पान मिळत राहतं. ईदच्या दस्तरखानासाठी शेवटची पेरणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करा, मात्र त्या रोपांना फेब्रुवारीत सावली द्यावी लागेल.

कोणती जात घ्यावी?

दुकानात गेलात की चार प्रकार दिसतात.

सुट्या पानांचं लेट्यूस (लूज लीफ): गड्डा होत नाही, पानं मोकळी राहतात. हिरवं आणि लालसर, दोन्ही रंगांत मिळतं. ‘लोलो रोसो’ आणि ‘ओक लीफ’ ही यातली ओळखीची नावं. पहिल्यांदा लावणाऱ्याने हेच घ्यावं.

रोमेन: उभट, लांब, जाड देठाची पानं. चव छान, कुरकुरीत. आपल्या थंडीत जमतं.

बटरहेड: मऊ, सैल गड्डा. पान नाजूक असतं, तोडल्यावर लवकर सुकतं.

आइसबर्ग: कोबीसारखा घट्ट गड्डा, बर्गरमधला. याला ७५ ते ८५ दिवस लागतात आणि सलग थंडी लागते. गच्चीवर आम्ही दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गड्डा सैलच राहिला. हौस असेल तर करा, पण सुरुवात याने करू नका. जीवनसत्त्वांच्या बाबतीतही गडद हिरवी सुटी पानं आणि रोमेन हे फिकट आइसबर्गपेक्षा सरस आहेत.

एका ग्रॅममध्ये साधारण ८०० ते १००० बिया असतात. म्हणजे एक छोटी पुडी दोन-तीन घरांना पुरते. शेजारी मिळून घ्या.

बी नको, तयार रोपं हवीत, असं वाटलं तर सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे निघा. सोरतापवाडीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोपवाटिका आहेत. मुख्य व्यवहार फुलझाडांचा आणि शोभेच्या झाडांचा, पण थंडीत भाजीच्या रोपांचीही चौकशी करून बघा.

बी उगवत नाही, त्याची तीन कारणं

पहिलं कारण उष्णता. माती २८-३० अंशांच्या वर तापली की लेट्यूसचं बी झोपून राहतं. ते मेलेलं नसतं, उगवायला नकार देतं. यावर सोपा उपाय आहे. बी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, डबीत घालून, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवस ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. मग संध्याकाळी पेरा आणि ट्रे घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा.

दुसरं कारण खोली. बी तिळापेक्षाही बारीक असतं आणि बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. बोटभर खोल पुरलं तर संपलं. मातीवर पसरायचं, वरून चाळलेल्या खताचा पातळ थर भुरभुरायचा, बस. तीन ते पाच मिलिमीटर पुष्कळ झालं.

तिसरं कारण कोरडेपणा. पहिले आठ दिवस वरची माती एकदाही सुकता कामा नये. झारीने ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून स्प्रेने पाणी द्या. तीन ते सात दिवसांत कोंब दिसतात.

कोंब दिसले की ट्रे लगेच उजेडात न्या. अंधारात राहिलेली रोपं लांबट आणि लुळी होतात. चार पानांवर आली, म्हणजे साधारण तीन आठवड्यांची झाली, की संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावा. दोन रोपांत ८ ते १० इंच अंतर ठेवा. देठाचा मधला कोंब मातीत गाडू नका, नाहीतर तो कुजतो.

कुंडी आणि माती

लेट्यूसची मुळं उथळ असतात. सहा ते आठ इंच खोलीची कुंडी, ग्रो बॅग किंवा पसरट टब चालतो. तळाला भोकं हवीतच. भंगारवाल्याकडचे केमिकलचे ड्रम, रंगाचे किंवा ऑइलचे डबे मात्र वापरू नका. कितीही धुतले तरी कच्च्या खाण्याच्या भाजीसाठी तो धोका घेण्यात अर्थ नाही. खाण्याच्या तेलाचे प्लॅस्टिकचे डबे आडवे कापून छान काम होतं.

आपल्याकडची काळी माती कुंडीत एकटी भरली तर पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते. आम्ही चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं खत आणि तीन भाग कोकोपीट असं मिश्रण घेतो.

इथे ‘चांगलं कुजलेलं’ या शब्दावर जोर आहे. बऱ्याच घरांत शेळ्या असतात, लेंडीखत आयतं मिळतं. पण ताजी लेंडी, ताजं शेण किंवा कोंबडीची ताजी विष्ठा लेट्यूसला घालू नका. त्यातून रोगजंतू आणि जंतांची अंडी पानापर्यंत येऊ शकतात. खत कित्येक महिने कुजलेलं, काळसर, भुसभुशीत आणि वास नसलेलं असावं. खात्री नसेल तर गांडूळखत विकत घ्या. पुढे दर १२-१५ दिवसांनी कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरे. युरियाचा मोह टाळा. पान भराभर वाढतं खरं, पण मऊ पडतं, किडीला बळी पडतं आणि त्यात नायट्रेट साठतं.

सगळ्यात महत्त्वाचं: कोणतं पाणी?

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

लोणी काळभोर परिसरात पाण्याचे अनेक स्रोत आहेत. खडकवासल्याहून येणारा मुठा उजवा कालवा आहे. जुना, म्हणजे आपण ज्याला बेबी कालवा म्हणतो, तो आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात शेतीसाठी सोडलं जातं. मुळा-मुठा नदी आहे. विहिरी, बोअरवेल, नळ आणि टँकर आहेत.

उसाला, ज्वारीला किंवा फुलांना जे पाणी चालतं, ते कच्च्या खाण्याच्या पानाला चालतंच असं नाही. सांडपाण्याचा अंश असलेल्या पाण्यात ई-कोलायसारखे जीवाणू, अमीबा, जंतांची अंडी, टायफॉइड आणि काविळीचे जंतू असू शकतात. भाजी शिजवली की ते मरतात. लेट्यूसला आच लागत नाही. शिवाय त्याचं पान चुणीदार असतं, घडीत अडकलेली घाण वरवर धुऊन निघत नाही. म्हणून आमचा नियम सरळ आहे: जे पाणी आपण पिणार नाही, ते लेट्यूसच्या पानावर पडू द्यायचं नाही.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळा. पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. कुंडीच्या कडेला पांढरी पूड जमत असेल तर समजा क्षार वाढलेत. अशा वेळी नळाचं पाणी आलटून पालटून द्या. घरच्या आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी तर मुळीच नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

वजूचं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची चांगली सवय अनेक घरांत आहे. ती सोडू नका. फक्त ते पाणी मोगरा, कढीपत्ता, लिंबू यांच्या मुळाशी घाला. लेट्यूसला नको, कारण त्यात चूळ भरलेलं पाणीही असतं.

पाणी किती द्यायचं? रोज थोडं, सकाळी, मुळाशी. बोट एक इंच मातीत घालून बघा. ओलं लागलं तर थांबा. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर, असं केलं तर कोवळ्या पानांची टोकं तपकिरी पडतात. पानापर्यंत कॅल्शियम नीट पोहोचत नाही, म्हणून तसं होतं. खत वाढवून ते बरं होत नाही, पाण्याचा नेम पाळून होतं.

ऊन, सावली आणि किडी

सकाळचं चार-पाच तास ऊन पुरे. दुपारचं पश्चिमेचं ऊन टाळा. सिमेंटची गच्ची खालून तापते, म्हणून कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. फेब्रुवारी लागला की ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट बांधा. एवढ्याने हंगाम दोन-तीन आठवडे लांबतो.

किडींमध्ये मावा पहिला. पानाच्या मागे हिरवे-काळे ठिपके चिकटलेले दिसतात. सुरुवातीलाच पाण्याच्या धारेने उडवा, जास्त असेल तर ते पान काढून टाका. तरी आवरत नसेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं सौम्य साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. नंतर निदान आठवडाभर पान तोडू नका, कडू वास राहतो. पानावर नागमोडी पांढरी रेघ दिसली तर ती नागअळी. तेवढं पान तोडून फेका. गोगलगाई रात्री येतात, टॉर्च घेऊन वेचा. रासायनिक कीटकनाशक आम्ही वापरत नाही. ते मारायचं असेल तर मग घरी लावायचं कशाला?

लहान रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती मर आहे. दाट पेरणी आणि जास्त पाणी ही कारणं. रोपं विरळ करा, हवा खेळू द्या.

तोडणी आणि धुणं

पान तोडायचं ते पहाटे किंवा सकाळी लवकर. तेव्हा ते पाण्याने भरलेलं असतं. दुपारी तोडलं तर लगेच माना टाकतं. पूर्ण झाड उपटू नका. बाहेरची मोठी पानं घ्या, मधला कोंब ठेवा. किंवा जमिनीपासून एक-दीड इंच ठेवून वरचं कापा. तीन-चार वेळा पुन्हा फुटतं. आठ-दहा कुंड्यांत पाच माणसांच्या घराला आठवड्यातून तीन वेळा पुरेल एवढं आम्हाला मिळतं.

घरचं असलं तरी धुवायचं. पानं सुटी करा, पिण्याच्या वाहत्या पाण्याखाली एकेक पान दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. मीठ किंवा व्हिनेगरचं पाणी थोडी मदत करतं, पण घाणेरड्या पाण्यावर वाढलेलं पान ते शुद्ध करू शकत नाही. गरोदर महिला, लहान मुलं, वयस्कर माणसं यांना बाहेरचं कच्चं पान शक्यतो देऊ नका.

धुतल्यावर कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस कुरकुरीत राहतं. शेजारी सफरचंद किंवा केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूमुळे पानावर तपकिरी डाग पडतात. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पानांचं प्रमाण अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण यात व्हिटॅमिन के असतं.

खायचं कसं? सीख कबाब रोटीऐवजी पानात गुंडाळा, वर पुदिन्याची चटणी. कचुंबरात शेवटी हाताने तोडून घाला. मीठ-लिंबू वाढण्याच्या क्षणी, आधी घातलं तर पान मरगळतं. आमच्याकडे मुलं डाळिंबाचे दाणे आणि शेंगदाण्याचं कूट घालून खातात. ज्या अम्मींनी पहिल्या वर्षी ताट सारलं होतं, त्या आता पहाटे फजरनंतर स्वतः गच्चीवर जाऊन पानं खुडून आणतात.

शेवटचं रोप ठेवा

हंगाम संपताना सगळ्यात उशिरा दांडा येणारं एक निरोगी रोप तसंच राहू द्या. पिवळी फुलं येतील, मग झेंडूच्या जातकुळीला शोभेल अशी केसाळ म्हातारी धरेल. साधारण दोन-तीन आठवड्यांत बी पिकतं. लेट्यूस बहुतेक स्वतःच परागीकरण करतं, त्यामुळे पुढची रोपं आईसारखीच येतात. फक्त बी संकरित नसावं. कागदी पाकिटात घालून, तारीख लिहून, थंड कोरड्या जागी ठेवा. पुढच्या वर्षी पुडी विकत घ्यायला नको आणि शेजारच्या खालांना, काकूंना चिमूट चिमूट देताही येईल.

उन्हाळ्यात त्या कुंड्या रिकाम्या ठेवू नका. माठ, अंबाडी, पुदिना लावा. ऑक्टोबरची उष्णता ओसरली की माती उकरून, खत मिसळून पुन्हा तयारी करा. यंदा एकच कुंडी लावा, हरकत नाही. मात्र तिला घालायचं पाणी कुठून आणणार, ते पेरणीच्या आधी ठरवा.